जुनं घर, पुराचं पाणी आणि हमीचा कागद

सायखेड्यात नदी चढते तेव्हा गावात पाऊस असेलच असं नाही. निफाड तालुका तसा कमी पावसाचा. पण तिकडे त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत दोन दिवस झोडपलं, की गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढवावा लागतो. दारणेचं पाणी याच पट्ट्यात गोदावरीला मिळतं. खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचलेला, आणि वरून वाहत आलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला अडकल्या की पाणी मागे तुंबतं आणि सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठेत, गल्लीबोळांत शिरतं. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही सालं गोदाकाठच्या माणसांना आठवून द्यावी लागत नाहीत.

अशा गावात ज्याचं घर साठ-सत्तर वर्षांचं आहे, त्याच्यासमोर अलीकडे तऱ्हेतऱ्हेचे कागद येऊ लागलेत. बँकेतला माणूस कर्जासोबत घराची पॉलिसी पुढे करतो. फ्रिज घ्यायला गेलं की दुकानदार वाढीव वॉरंटी सुचवतो. गच्चीला लेपन करणारा दहा वर्षांची हमी लिहून देतो, वाळवीचं औषध मारणारा पाच वर्षांची. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर तिथून फोन येतो, ‘बाबा, इकडे घराची वॉरंटी मिळते, आपल्या घराला तसलं काही घेता येईल का?’ जुन्या घरावर असा पैसा घालावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच एकदा मुळापासून तपासायला हवा.

माझं मत आधीच सांगतो. जुनं घर दोन तऱ्हांनी मोडतं. एक मोडणं रोजचं असतं: भिंतीला ओल चढते, तुळईला वाळवी लागते, पत्रा गंजतो, नळ गळतो. दुसरं मोडणं एका रात्रीचं असतं: पूर, आग, वादळ, भूकंप. रोजच्या झिजेवर हमी विकत घेणं बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं आहे. एका रात्रीच्या नुकसानीचा विमा मात्र जुन्या घराला नव्यापेक्षा जास्त गरजेचा आहे, आणि आपल्या गावांत नेमका तोच घेतला जात नाही.

अमेरिकेतली होम वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, तो दुरुस्तीचा वार्षिक करार असतो. अमेरिकन होम शील्ड या कंपनीने १९७१ साली असे करार विकायला सुरुवात केली, पुढे अनेक कंपन्या आल्या. घरातली गरम-थंड हवेची यंत्रणा, नळजोडणी, वायरिंग, पाणी तापवायचं यंत्र, फ्रिज, धुलाई यंत्र बिघडलं की कंपनी आपला कारागीर पाठवते. वर्षाची वर्गणी भरायची ती भरायचीच, शिवाय दर फेरीला वेगळी फी द्यायची. तिथेही जुन्या घरांच्या मालकांची मुख्य तक्रार एकच असते: बिघाड करार करण्याआधीपासूनचा आहे किंवा देखभाल नीट झालेली नाही, असं कारण देऊन काम नाकारलं जातं. जुन्या घरात कोणता बिघाड कधीपासूनचा, हे सिद्ध कोण करणार? शिवाय तिथे कारागिराचा एका फेरीचा खर्चच एवढा असतो की माणूस आधीच वर्गणी भरून ठेवतो. सायखेड्यात प्लंबर, वायरमन, गवंडी ओळखीतला असतो आणि निम्मी कामं घरच्या घरी होतात. त्यामुळे ती व्यवस्था जशीच्या तशी इथे यावी अशी इच्छा धरण्यातही अर्थ नाही.

आपल्याकडे घराच्या बांधकामाची कायद्याने दिलेली हमी आहे, पण ती नव्या घराला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यात विकसकावर तीन वर्षांची जबाबदारी होती. रेरा कायद्याने ती ताबा दिल्यापासून पाच वर्षांची केली: बांधकामात दोष निघाला तर विकसकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून चालू आहे. ज्या वाड्याचं जोतं आजोबांनी रचलं, ज्याचा गवंडी कधीच गेला, त्याला या कायद्याचा काडीचा उपयोग नाही.

जुन्या घरांसाठी सगळ्यांनी मिळून पैसा गोळा करायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची, असा मोठा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला, तो मुंबईत. १९६९ च्या कायद्याने भाड्याच्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, पुढच्या ‘ब’ आणि ‘क’ मध्ये. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. रहिवासी उपकर भरत राहिले, दुरुस्तीसाठी नेमलेलं मंडळ टेकू लावत राहिलं, दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघत राहिली, आणि तरीही इमारती कोसळत राहिल्या. भाडं गोठलेलं, उपकर तोकडा आणि इमारतीचं वय मात्र वाढत जाणारं. ठरावीक वर्गणीच्या बदल्यात झिजणाऱ्या घराला उभं ठेवण्याचं वचन सरकारच्या पाठबळावरही नीट पाळता आलं नाही. एखादी कंपनी ते नफ्यासाठी पाळील, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

आता छोट्या हम्या. गच्चीच्या लेपनाची हमी मिळते ती लेपनाची असते, गच्चीची नव्हे. खालचा स्लॅब तडकला, सळई गंजून फुगली, तर हमी तिथेच संपते, आणि पन्नास वर्षांच्या स्लॅबला नेमकं हेच होतं. धाब्याच्या घराला तर असलं लेपन चालतच नाही. त्याला दर उन्हाळ्यात पांढरी माती, चोपून घेतलेला उतार आणि मोकळी पन्हळ लागते. वाळवीची गोष्ट थोडी वेगळी. उभ्या घराला वाळवीचं औषध कसं द्यावं याचं भारतीय मानक आहे, आणि जोत्याच्या कडेने ठरावीक अंतरावर भोकं पाडून, मोजून औषध सोडलं तर ते काम करतं. सागाचे खांब आणि कडीपाट असलेल्या घरात हा खर्च करावाच. तो हमीसाठी नाही, औषधासाठी. पुरानंतर माती धुपली, जमीन उकरली, की जुन्या उपचाराचा भरवसा धरू नये. फ्रिज-पंपाच्या वाढीव वॉरंटीबद्दल एवढंच की पाणी शिरून किंवा कमी-जास्त दाबाने मोटार जळाली तर बहुतेक अटींत ते बसत नाही, आणि गावात मोटारी जळतात त्या याच कारणांनी. ते पैसे पंपाच्या स्टार्टरवर घातलेले बरे.

खरा विषय आहे तो विम्याचा. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. सरकारी कंपनी असो की खासगी, मूळ अटी त्याच. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड, दंगल, टाकी किंवा नळ फुटणं हे सगळं मूळ संरक्षणातच येतं. पुरासाठी वेगळं काही मागावं लागत नाही. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. सोनंनाणं मात्र वेगळं नोंदवावं लागतं.

जुन्या घराच्या मालकाने यातल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही. चटई क्षेत्र गुणिले आज तेवढं बांधकाम करायला येणारा खर्च, असा तो हिशोब आहे. समजा, घराचं आतलं क्षेत्र ८०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर १,५०० रुपये धरला, तर विमा रक्कम १२ लाख आणि सामानाला आपोआप २ लाख ४० हजार. जमिनीची किंमत यात नाही, आणि आजोबांच्या हातच्या नक्षीदार चौकटीचं मोल तर कुठल्याच कागदात मावत नाही. दुसरी गोष्ट, पूर्वी रक्कम कमी लिहिली असेल तर कंपनी दाव्यातही त्याच प्रमाणात काट मारायची. या पॉलिसीत ती काट रद्द झाली आहे. गावाकडच्या माणसासाठी हा मोठा बदल आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. एवढ्या रकमेच्या साध्या घराचा वर्षाचा हप्ता सहसा शेकड्यांत असतो, नदीकाठ म्हणून तो थोडा वाढू शकतो.

याच्यासमोर सरकारी मदत ठेवून पाहावी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आहेत. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी तेवढेच. राज्य सरकार कधी वर भर घालतं, कधी नाही. ही मदत हक्काची आहे आणि ती मागायलाच हवी, पण ६,५०० रुपयांत आज एक खण भिंत उभी राहत नाही. जुन्या घराचं पुरात बहुतेक वेळा होतं ते अर्धवटच नुकसान: एक पाखं बसतं, मागची भिंत जाते, बाकी घर उभं राहतं. सरकारी निकषात घरासाठीची सगळ्यात तोकडी मदत नेमकी याच नुकसानीला आहे.

आणि विमा घेतला तरी जुन्या घराची वाट निर्धोक नाही, हेही सांगायला हवं. अडचण भिंतीतच आहे. बाहेरून काळा दगड किंवा भाजकी वीट दिसली तरी आत मातीचा गारा असतो. पुराचं पाणी जोत्यावर दोन-तीन फूट चढून रात्रभर थांबलं की तो गारा पाणी पितो. पाणी आहे तोवर भिंत उभी राहते, कारण दोन्ही अंगांनी दाब सारखा असतो. पाणी उतरतं, ऊन पडतं, घरातली माणसं गाळ उपसायला लागतात, तेव्हा भिजून जड झालेली भिंत मध्ये पोट काढते. गिलाव्याला आडवी चीर जाते, चौकट वाकडी होऊन दार लागेनासं होतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, नदी पात्रात परतलेली असताना, भिंत बसते. सर्वेक्षक येतो त्या दिवशी त्याच्यासमोर कोरडा रस्ता आणि पडलेली जुनी भिंत असते. पॉलिसीत झीज, हळूहळू होणारं खराब होणं, सदोष बांधकाम आणि नदीने काठ खाल्ल्याने खचलेली जमीन वगळलेली आहे. पूर की झीज, हा वाद तिथे सुरू होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंतींचं काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. विमा कंपन्यांनाही ते ठाऊक आहे.

हा वाद जिंकायचा तर पुरावा पुराआधीचा हवा. मे महिन्यात घराच्या प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, जुनी चीर असेल तर तीही दिसू द्यावी. पाण्याची खूण भिंतीवर ओली असतानाच पुन्हा फोटो काढावा. तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘अतिवृष्टी’ असं मोघम न लिहिता ‘गोदावरीच्या पुराचं पाणी शिरून’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. महसुली हिशोबात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. सायखेड्यात एवढा पाऊस न पडताही घर बुडतं, आणि मग पर्जन्यमापकावरचा आकडा आपल्याच विरुद्ध बोलतो. धरणांचा विसर्ग रोज जाहीर होतो, त्या तारखांची कात्रणं किंवा मोबाइलवरचे संदेश जपून ठेवावेत. कंपनीला लगेच कळवावं, आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत पडलेला मलबा उचलू नये. गाळात बसून राहणं अवघड असतं, पण निदान एक कोपरा तसाच ठेवावा.

पॉलिसी घेतानाचा खरा खोळंबा कागदपत्रांचा असतो. गावठाणातल्या घराला सात-बारा नाही, असते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची नोंद. ती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वाटण्या तोंडी, पुढचा खण थोरल्याचा, मागचा धाकट्याचा, माडी कुणाची ते भांडण अजून चालू. अशा घराचा विमा एकाने काढला आणि माडीच पडली तर पैसे कुणाला? एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत महाराष्ट्राने असा प्रयोग त्याआधीच करून पाहिला होता. ज्यांच्या हातात ही पत्रिका आली आहे त्यांनी विम्याआधी ती भावंडांच्या नावांसह दुरुस्त करून घ्यावी. भाऊबंदकीत अडकलेलं घर विम्याच्या दाव्यातही अडकतं.

घराचं खरं वर्णन लिहिण्यात कसूर करू नये. एजंटाला सरळ सांगावं, ‘दादा, भिंती मातीच्या गाऱ्यातल्या आहेत, मागच्या अंगाला पत्रे आहेत, २०१९ ला ओट्यावर पाणी आलं होतं. हे सगळं अर्जात लिहा आणि मग हप्ता सांगा.’ तो म्हणेल, ‘भाऊ, एवढं कशाला लिहायचं, पक्कं घर टाकू.’ तिथेच उठून यावं. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी सगळी पॉलिसी बुडवू शकते. लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री असल्या भिंती किंवा छप्पर असेल तर कंपनी त्याला कच्चं बांधकाम धरते, आणि त्याचा दर निराळा असतो किंवा ती नकारच देते. काही कंपन्या घराच्या वयावरूनही मागे सरतात. एकीने नाकारलं तर दुसरीकडे जावं. अटी सगळीकडे त्याच आहेत.

सायखेडा बाजाराचं गाव. पुढे दुकान किंवा पेढी, मागे आणि वर राहतं घर, अशा वास्तू पेठेत पुष्कळ. गृह रक्षा राहत्या घरापुरती आहे. दुकानातला माल, खत-औषधांची गोदामं, कांद्याची चाळ तिच्यात येत नाहीत. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी घ्यावी लागते. पुराने घराला आधी पुढूनच गाठलेलं असतं, त्यामुळे एकच पॉलिसी काढून दोन्हीकडे निर्धास्त राहिलेल्या माणसाचं नुकसान दुप्पट होतं.

दावा रेंगाळला तर काय करायचं तेही माहीत असावं. २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा ती फेटाळली, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, मुदत एक वर्षाची. या वाटेने जाणारे गावचे लोक फार थोडे, आणि याचा राग येतो. आपला हक्क शहरातल्या माणसापेक्षा कमी नाही, पण तो सांगायला गावात कुणी येत नाही.

एकट्या माणसाने विमा काढावा एवढ्यावर हा प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून ‘फ्लड री’ नावाची व्यवस्था आहे. सगळ्या घरविमा कंपन्या एका सामाईक निधीत पैसे घालतात, आणि त्याच्या आधारावर पूरग्रस्त भागातल्या घरांना परवडणाऱ्या हप्त्यात विमा मिळतो. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं यातून वगळली आहेत. पूर माहीत असताना काठावर नवं घर बांधणाऱ्याला सवलत नाही, आधीपासून तिथे राहणाऱ्याला आहे. हा न्याय आपल्या गोदाकाठाला चपखल बसतो. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांनी धरणांचा विसर्ग ठरवलेला नाही आणि बंधाऱ्यात गाळही भरलेला नाही. नागालँडने २०२४ मध्ये संपूर्ण राज्यासाठी पावसाच्या आकड्यावर आधारलेला आपत्ती विमा घेतला: ठरलेली मर्यादा ओलांडली की पंचनाम्याची वाट न पाहता राज्याला पैसे. गोदाकाठच्या पूरप्रवण गावांसाठी पावसाऐवजी नांदूरमध्यमेश्वरच्या विसर्गाचा आकडा धरून असं काही करता येणं अशक्य नाही. जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी ते मागितलं पाहिजे.

तोपर्यंत जुन्या घराच्या मालकाने काय करावं? दुरुस्तीच्या हम्यांवर जाणारा पैसा बाजूला काढून घराच्या नावाने वेगळं खातं ठेवावं. त्यातून जोत्याची सांधेभरणी, पन्हळी, वाळवीचं औषध, वायरिंग यांची डागडुजी दर उन्हाळ्यात उरकावी. विजेचा बोर्ड आणि इन्व्हर्टर २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर चढवावा. आणि गृह रक्षा पॉलिसी घ्यावी, ती मे संपण्याआधी. घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत जातोच, त्याच आठवड्यात ते काम करून टाकावं. धरणातून विसर्ग सुटल्याचा भोंगा ऐकू आल्यावर कुठलीही कंपनी कागद करून देत नाही. निळ्या रेषेच्या आत, दर मोठ्या पुरात बुडणाऱ्या, भिंतीने पोट काढलेल्या घराला मात्र विम्याचा हप्ता भरत बसण्यापेक्षा अभियंत्याला दाखवून घ्यावं, आणि तो म्हणाला उतरवा, तर पावसाळ्याआधी ती भिंत उतरवावी.